खुंट्यांची गाडी

५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं आप्पांना सगळं ऐकू जातं. पत्र मात्र त्यांच्यासमोर बसून लिहिता येतं. त्यांना आता अक्षर दिसत नाही. हे लिहिताना पेन थांबलं.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवायची तर ऑपरेशनला उशीर नको. उजव्या डोळ्यात नावापुरता उजेड आहे. डाव्याने समोरचं तेवढं दिसतं. पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली आहे.

आणि नेमकी आत्ताच आप्पांनी माळ्यावरची आपली खुंट्यांची गाडी खाली काढली. खेळण्यांच्या कारखान्यातल्या टाकाऊ पत्र्यातून त्यांनी आपल्या दोघांसाठी केलेली, तीच. चावी दिली की मध्येच अडते म्हणून त्यांनी ती पार खोलली. स्प्रिंग, दातेरी चाकं, खुंट्या, सगळं ट्रेमध्ये मांडलं, आणि आता ते त्यांना दिसत नाही. खिडकीशी बसून चाचपडत असतात. गाडी मी खोलली, मीच जोडणार, त्यानंतर मला कुठं न्यायचं तिथं न्या, असं म्हणतात. मंगळवारचं नाव काढलं की कान बंद.

मी रोज देवाला हात जोडतो आणि ग्रंथालयात पुस्तकं बांधायला जातो. तिथे मन लागत नाही. काय करावं ते कळव.

तुझी माया आहे म्हणून निभावतं,
तुझा धाकटा

९ फेब्रुवारी

चि. महाराजांस,
अ. उ. आ.

पन्नाशीला टेकलास तरी मी तुला महाराजच म्हणणार. शाळेत असताना गाडी चालू करण्याआधी डोळे मिटून पुटपुटायचास ते मी विसरलेले नाही. मी गाडीच्या पोटातल्या फिरत्या ढोलाच्या भोकांत खुंट्या लावायच्या, तू माझ्याकडे पाठ करून बसायचं, आणि गाडी कुठे जाणार ते ओळखायचं. एक खुंटी इकडे लावली की डावीकडे वळण, तिकडे लावली की घंटी. टेबलाच्या पायाला वळसा घालून ती तुझ्या उशीपाशी येऊन टणटण करायची आणि तू दचकायचास. आपण सांगून ठेवलेलं ते डबडं लक्षात ठेवतं, याचं मला काय अप्रूप होतं! आजही शिलाईयंत्रावर टाक्यांची नक्षी ठरवणारं चाक बसवताना तीच गाडी डोळ्यांपुढे येते.

आता एक बजावते. त्या ट्रेला हात लावू नकोस. आप्पांच्या कारखान्यात एकाच्या ट्रेला दुसरा शिवत नसे, माणूस तापाने घरी पडला तरी ट्रेवर फडकं टाकून ठेवत. तू मदत म्हणून करशील आणि ते अपमान समजतील. मंगळवारी सकाळी फक्त रिक्षा बोलाव आणि त्यांच्या चपला पुढे ठेव. कधीकधी माणसाला एवढंच पुरतं.

दुकानात लग्नसराईचे कपडे पडलेत, नाहीतर उठून आलेच असते. जेवत जा वेळेवर.

काळजी करणारी,
ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र एक दिवस उशिरा पोचलं.

सोमवारी पहाटे आप्पा झोपलेले असताना मी ट्रे उघडला. ढोल, त्याखालची पट्टी आणि मागचं चाक एवढं जोडून ठेवलं. वाटलं, उरलेलं त्यांच्या हातून पटकन होईल, त्यांना कळणारही नाही आणि मंगळवार साधेल. बायंडिंग करणाऱ्याला सगळंच चिकटवता येतं, असा माझा समज.

उठल्यावर त्यांनी गाडीवरून बोट फिरवलं आणि तिथेच हात थांबला. माझ्या ट्रेपाशी कोण बसलं होतं, एवढंच विचारलं. मी कबूल केलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एकेक भाग पुन्हा सुटा केला, फडकं टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून निजले. मंगळवारी रिक्षा आली तशी परत गेली. चपला पुढे ठेवल्या होत्या, त्या त्यांनी पायाने सारल्या.

काल चहाचा कप त्यांच्या उजव्या हाताला ठेवला. त्यांनी डावीकडे शोधला, मग समोर. शेवटी मी तो त्यांच्या हातात दिला. डॉक्टरीणबाईंनी या शुक्रवारनंतरच्या शुक्रवारची वेळ दिली आहे, आणि तीही चुकवली तर डाव्या डोळ्याची हमी देणार नाही असं बजावलं आहे.

ताई, माझ्याच्याने होत नाही. तू काही कर.

तुझ्या भरवशावर,
धाकटा

१७ फेब्रुवारी

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र धाकटा वाचून दाखवतो आहे. मध्ये थांबला तर त्याला पुढे वाचायला सांगा.

त्याने ट्रेला हात लावला ते चुकलंच. पण आप्पा, कारखान्यातली दुसरी रीतही मला माहीत आहे, मी तुमचा डबा द्यायला यायचे तेव्हा पाहिलेली. ज्याला हॉस्पिटलात जायचं असे, तो एकाला नाव घेऊन हाक मारी, आपल्या स्टुलावर बसवी, एकेक भाग त्याच्या हातात देऊन तोंडाने सांगे आणि निघून जाई. त्याला कुणी हरला म्हणत नसत.

मला तुम्ही कधी हाक मारली नाहीत. मी ते काम मागितलं तेव्हा हसून म्हणालात की पोरीच्या हाताला सुई बरी. मी सुई धरली, त्यावर संसार केला. तक्रार नाही. पण आता मला ते स्टूल हवंय. दया म्हणून नको, माझा हक्क म्हणून हवंय.

आणि समजा, हट्टाने तुम्ही गाडी जोडलीत आणि तोवर नजर गेली, तर ती धावताना बघणार कोण? मला बघणार कोण? मी येते तेव्हा दारात उभी राहते आणि तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून म्हणता की वाळलीस गं. हे मला या वर्षीही ऐकायचंय.

शुक्रवारी जा. हाक मारा, मी येते.

वाट पाहणारी तुमची लेक

२१ फेब्रुवारी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

मी सांगतो आणि तुझा भाऊ लिहितो आहे. नाक ओढत लिहितोय, तेव्हा शाई फुटली असेल तर दोष त्याचा.

तुझं पत्र एकदा ऐकलं. मग त्याला म्हटलं, परत वाच. पोरी, तू वकील व्हायला हवी होतीस. कारखान्यात बाईमाणसाला स्टूल नव्हतं हे खरं, आणि मी कधी शोधलं नाही हेही खरं.

आम्ही हॉस्पिटलात आलो आहोत. डॉक्टरीणबाईंनी आज पुन्हा तपासलं. उजव्या डोळ्यात आता वाचवण्यासारखं काही नाही म्हणाल्या. त्या मंगळवारी आलो असतो तर काही उरलं असतं का, हे तुझा भाऊ विचारणार होता. मी त्याचा हात दाबला. विचारायचं नाही असं सांगितलंय, तूही विचारू नकोस. उशीर माझ्या हट्टाने झाला, त्याच्या बोटांनी नाही. हे वाक्य तो लिहायला तयार नव्हता, दटावून लिहून घेतलंय.

डाव्याचं उद्या सकाळी. त्याला भीती वाटते म्हणून तो देवाचं नाव घेतो, मला वाटते म्हणून मी त्याला रागावतो. आमचं बरं चाललंय.

लग्नाचे कपडे उरकून ये. माझ्या डोळ्यावर पट्टी असेल, तेव्हा तोंडाने सांगेन. घाई केलीस तर बोलणी खाशील, स्टुलावर बसणाऱ्याला ती खावी लागतात. इतकी वर्षं तू शिवलेले सदरे घातले, पण तुझी बोटं कशी आहेत ते कधी नीट पाहिलं नाही. आलीस की आधी हात माझ्या हातात दे. कामाला मग लागू.

तुला हाक मारणारा,
आप्पा