अर्धं माझं, अर्धं तुझ्या बाबांचं

प्रिय ठकू,

या नावाने हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, देव जाणे. फाडायचं असेल तर फाड, पण पुरतं वाचून फाड. काल तुझ्या आत्याचा फोन आला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती काय म्हणाली ते सांगतेच, पण त्याआधी काही जुनं सांगावं लागेल, नाहीतर तुला ते पटायचं नाही.

मी अजून शाळेचे गणवेशच शिवते. चष्म्याचा नंबर वाढलाय आणि गुडघे कुरकुरतात, एरवी ठीक. तुला आठवतं का, शाळा उघडायच्या आधी कामाचा डोंगर असायचा, तेव्हा मी मशीनच्या खोलीतच चटई टाकून पडायचे? तू अर्धवट झोपेत येऊन माझ्या कुशीत शिरायचीस, आणि सकाळी तुझ्या फ्रॉकला रंगीबेरंगी दोरे चिकटलेले असायचे. त्या चटईनेच पुढे माझा घात केला.

तुझ्या बाबांच्या रक्तात एचआयव्ही निघाला तेव्हा माझंही रक्त तपासलं. एकदा नाही, तीनदा. काहीच निघालं नाही. दुसऱ्या एखाद्या घरात लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असता. आपल्या घरात तो रिपोर्ट माझा गुन्हा ठरला. आत्या म्हणाली, ही वेगळी झोपायची, हिला आधीपासून सगळं ठाऊक होतं, हिने स्वतःला वाचवलं आणि माझ्या भावाला मरू दिलं. रक्तात दोष निघाला असता तर बदफैली, नाही निघाला तर कैदाशीण. इकडे आड, तिकडे विहीर. आईने लेकीला सांगायची ही गोष्ट नव्हे, पण तू आता मोठी आहेस. ते अंथरुणाला खिळेपर्यंत आम्ही नवराबायकोसारखेच राहिलो, आणि त्यांच्या आजाराची मला काडीची कल्पना नव्हती. हे फक्त त्यांना माहीत होतं. त्यांनी एक वाक्य बोलायला हवं होतं. खाटेवर पडून ते सगळं ऐकत होते, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. गेलेल्या माणसाला माफ करावं म्हणतात. मला जमलेलं नाही, आणि जमावं असंही वाटत नाही. ते गेले, मला घराबाहेर काढलं आणि तुला आत्याने ठेवून घेतलं. तुझ्या कानात तिने काय काय ओतलं असेल ते मला न ऐकताही पाठ आहे.

गेल्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. जोडीदाराला लागण होऊनही जे कोरे राहिले, अशांचा त्या अभ्यास करतात. माझं रक्त तपासून झाल्यावर त्या दारं, कुलपं असं काहीबाही सांगायला लागल्या. मी म्हटलं, बाई, मला शिवणातलं कळतं. मग आम्ही दोघींनी मिळून ते बटण-काजावर आणलं. हा विषाणू पेशीला नुसता चिकटून आत जात नाही. त्याला पेशीवर दोन काजं लागतात. एक सगळ्यांकडेच असतं. दुसऱ्याला सीसीआर-फाइव्ह म्हणतात, केमोकाइन रिसेप्टर. खरं तर ते शरीराने आपल्या कामासाठी ठेवलेलं, कुठे दुखलं-सुजलं की पेशींना तिकडे बोलावणारा निरोप घ्यायला. हा चोर त्याचाच फायदा घेतो. माझ्या पेशींवर ते दुसरं काजच नाही. ते काज करायचा नमुना, म्हणजे जनुक, मला माझ्या आईकडूनही बिघडलेला आला आणि वडिलांकडूनही, म्हणून ते बनलंच नाही. तुझ्या बाबांचा आजार माझ्यापर्यंत आला, पण त्याला आत शिरता आलं नाही. क्वचित एखादा विषाणू तिसऱ्याच काजातून शिरतो, त्यामुळे मलाही पुरतं अभय नाही, हेही बाईंनी बजावलं.

घरी आल्यावर मी रडले नाही, मला संताप आला. माझं आयुष्य उधळलं ते नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही अशा एका काजापायी. मी बाईंना म्हटलं, हे माझ्या नणंदेला तुम्हीच सांगा. त्यांनी माझ्यासमोर फोन लावून सगळं समजावलं. आत्या "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तिने तुला त्यातलं जेमतेम अर्धंच सांगितलं, की तुझ्या आईचं रक्तच असलं, तिला रोगसुद्धा शिवत नाही; हे तिनेच काल कबूल केलं.

आता कालचा फोन. आत्याचा आवाज मला ओळखू आला नाही, इतका बारीक झाला होता. महिन्यापूर्वी तुला तुमच्या आरोग्य केंद्रात रुग्णाचं रक्त घेताना सुई टोचली, त्या रुग्णाला एचआयव्ही आहे, आणि तू ना गोळ्या घेतल्यास ना तपासणी केलीस, असं ती म्हणाली. मग म्हणाली, "पोरगी म्हणते मी आईची मुलगी, मला काही होत नाही. खरं का गं हे?"

खरं नाही, ठकू. आईची मुलगी म्हणून तू पहिल्यांदा माझं नाव घेतलंस, तेही असल्या कामाला. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालीस. माझा बिघडलेला नमुना तुझ्याकडे एकच आलाय. दुसरा तुझ्या बाबांचा, आणि तो धडधाकटच धरायला हवा, कारण ते त्याच आजाराने गेले आणि असा बिघाड आपल्याकडे फार थोड्यांत असतो. तुझ्या पेशींवर ती काजं असणारच. थोडी कमी, पण असणार. सुईनंतर तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू करायच्या असतात, ते दिवस गेले. बहुतेक वेळा एका सुईने काही होत नाही, असं काल मी फोन करून विचारल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण माझ्या रक्ताच्या भरवशावर राहू नकोस, जाऊन तपासून घे. झालंच असेल तर आता औषधं आहेत, त्या औषधांवर माणसं म्हातारी होतात. तुला रिपोर्टची भीती वाटत असेल. मलाही ती वाटते, कारण मी चांगला रिपोर्ट आणूनही घर गमावलं. तुझा कसाही येऊ दे, तू इकडे ये, मशीनच्या खोलीत चटई आहे. सोमवारी सकाळी मी तुमच्या केंद्राबाहेरच्या बाकावर येऊन बसते. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नुसती माझ्यासमोरून तपासणीला आत जा.

तुझीच,
आई