तुमच्या खाचरातलं गवत

आबा,

तुमच्या वरच्या खाचरात यंदा कमरेइतकं गवत माजलंय, आणि ते माझ्यामुळे माजलंय. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी हे तुमच्या कानावर घालायची माझी हौस काही फिटलेली नाही. ज्या खाचराच्या बांधावरसुद्धा तुम्ही काडी राहू देत नव्हता, तिथे आज टाकळा आहे, रानतुळस आहे, नावं ठाऊक नसलेली पिवळी फुलं आहेत आणि त्यांच्यामधून कुठेतरी भात आहे. नांगर नाही, रोपांसाठी राब भाजणं नाही, खताची गोणी नाही. नवा मालक डोक्यावर गवती टोपी घालून त्यात मांडी ठोकून बसतो आणि मला सांगतो, "ताई, जमीन आता मोकळी झाली." मी मान डोलावते. गावातले तुमच्या वयाचे जे दोघे-तिघे उरलेत, ते तिथून जाताना तोंड फिरवून घेतात. त्यांनी तोंड फिरवलं की मला बरं वाटतं, हे खोटं कशाला बोलू.

या सगळ्याची सुरुवात झाली तेव्हा दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. भाऊबिजेला आलेली मी अजून माहेरीच होते आणि माझी पोरगी अंगावर पीत होती. मी चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापतेय, आई वाल सोलतेय, आणि ओटीवरून तुमची हाक येते. बाहेर मुरबाडहून आणलेला अर्ज लिहिणारा बसलाय, त्याच्या पुढ्यात स्टॅम्पपेपर आहे आणि माझे दोघे भाऊ खांबाला टेकून पायाच्या नखाकडे बघतायत. "हात पूस आनि सही कर," तुम्ही म्हणता. मी दहावी पास झालेली, घरातली एकटीच. सवयीनं कागद उचलला आणि वाचायला लागले. वडिलांच्या जमिनीवरचा माझा हक्क मी राजीखुशीनं भावांना सोडून देत आहे, असं त्यात होतं. हक्कसोड. आपल्याकडे लग्न झालेल्या मुलीकडून तो लिहून घेतात आणि वर एक साडी देतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी म्हटलं, "आबा, यात राजीखुशीनं लिवलाय. मला कोनी इचारला कवा?" तुम्ही त्या अर्जवाल्याकडे बघून हसलात, आणि माझ्याकडे न बघताच म्हणालात, "वाचाला नाय बोलावली तुला. सही कराला बोलावली."

मी सही केली. माझ्या बोटांचं ओलं पीठ कागदाला लागलं, ते तुम्ही नखानं खरवडून काढलंत. संध्याकाळी हिरवी साडी माझ्या हातात पडली. सात वर्षांची असल्यापासून मी त्या खाचरात भाताची आवणी केली होती, आबा. भाऊ पोटदुखीचं सोंग घेऊन घरी लोळायचे आणि मी शाळा बुडवून चिखलात वाकलेली असायचे. कुठल्या कोपऱ्यात पाणी आधी तुंबतं, कुठं खेकडे बांध पोखरतात, हे मला तळपायाला ठाऊक होतं. तरी तुम्ही त्या परक्या माणसापुढं म्हणालात, "पोरीचा मातीशी काय संबंध?" आईनं मान वर केली नाही. तिच्यावरचा राग ती गेली तेव्हा विझला. तुमच्यावरचा तुम्ही गेल्यावर भडकला.

तुम्ही मला आसनगावला दिली होतीत. नवरा कल्याणला कारखान्यात, स्वभावाने चांगला, पण त्याच्या घराण्यात कुंडीत घालण्यापुरतीही जमीन नाही. पोरगी थोडी मोठी झाल्यावर मी शहापूरला तहसील कचेरीबाहेर एक टेबल टाकलं आणि अर्ज लिहून द्यायला लागले, अगदी तुमच्या त्या मुरबाडच्या माणसासारखी. फरक एवढाच की मी आधी वाचून दाखवायचे, मग सही घ्यायचे. तिथेच एक दिवस मुंबईचं एक जोडपं आलं. खांद्याला कापडी पिशव्या, पायात साध्या चपला. त्यांना जमीन हवी होती. कचेरीभोवतीच्या दलालांनी त्यांना चार दिवस हायवेलगतचे तारेचं कुंपण घातलेले प्लॉट दाखवले होते, आणि हे दोघं प्रत्येक ठिकाणी एकच विचारत होते, "इथे शेवटचा युरिया कधी टाकला?" दलाल पोट धरून हसत होते. मी नाही हसले. मी म्हटलं, "दादा, हे पुरुषांना नका विचारू. चला माझ्यासंगट."

मी त्यांना खर्डीच्या पलीकडे एका पाड्यावर नेलं आणि सरळ एका घराच्या मागच्या दारी गेले. भात कांडणारी म्हातारी होती तिथं. तिनं बसल्या जागेवरून हात करून सांगितलं, "त्या डोंगराकडच्या जागंत खत कदीच नाय परला गो, तिथवर गोनी वाहील कोन?" तीच जागा त्यांनी घेतली. मातीचं घर बांधलं, शेत नांगरायचंच नाही असं ठरवलं, हातसडीचा तांदूळ खायला लागले, पोरांना घरीच शिकवायला लागले. गावानं त्यांचं नाव ठेवलं गवतवाले. त्यांच्यासारखी वेडी मुंबईत बरीच होती. याच्याकडून त्याला, त्याच्याकडून तिसऱ्याला माझं नाव कळत गेलं, आणि शहापूर-मुरबाडच्या बाजूला जो कुणी गवतवाला जमीन शोधायला उतरेल तो आधी माझ्या टेबलाशी यायचा. दोन वर्षांत टेबलाचा गाळा झाला. तुमची हिरवी साडी मी टराटरा फाडली आणि तिच्या पट्ट्यांनी खरेदीखतांची दप्तरं बांधायला लागले. मजबूत होती हो साडी, तेवढं खरं.

त्या पहिल्या व्यवहारात मी एक गोष्ट शिकले, आणि ती शिकल्यावर मला रात्री झोप लागली नाही. शेतजमीन घ्यायची तर माणूस आधी कागदावर शेतकरी असावा लागतो, सातबाऱ्यावर कुठंतरी त्याचं नाव असावं लागतं. त्या जोडप्यातला नवरा शेतकरी नव्हता. बायको होती. तिच्या वडिलांनी रत्नागिरीकडच्या जमिनीवर मुलीचं नाव मुलांच्या बरोबरीनं लावून ठेवलं होतं. तिनं आयुष्यात चिखलात पाय घातला नव्हता, भाताचं रोप आणि नाचणीचं रोप तिला वेगळं ओळखता येत नव्हतं, आणि ती शेतकरी होती. मी नव्हते. मी अख्खा डोंगर लोकांना विकू शकत होते, पण स्वतःसाठी एक गुंठा घेऊ शकत नव्हते, कारण माझ्या बापानं माझं नाव लागणारच नाही अशी तजवीज केली होती. तेव्हापासून मी एक नियम केला. कुठलाही सातबारा हातात आला की आधी बघायचं, या घरातल्या बहिणी कुठं आहेत. मग त्यांच्या सासरी जायचं, चुलीपुढे बसून त्यांना सगळा कागद वाचून दाखवायचा, आणि रजिस्ट्रारपुढं त्यांना खुर्चीवर बसवायचं. भाऊ चडफडायचे, म्हणायचे, "ताई, साडीचोळीत भागला असता." मी म्हणायचे, "माझ्याकडं नाय भागत." कितीतरी घरांत मी भांडणं लावली, आबा. प्रत्येक वेळी समोरचा म्हातारा मला तुमच्यासारखाच दिसायचा.

मुरबाडकडच्या म्हसा गावच्या जत्रेत आपली गाठ पडली ती आठवते ना? पौषातली थंडी, तुम्ही बैलाचे दात बघत उभे. मी एका गवतवाल्या जोडप्याला घोंगडी घ्यायला घेऊन आले होते. व्यापाऱ्यानं मला ओळखलं आणि तुम्हाला विचारलं, "तुमचीच ना ही?" तुम्ही बैलाच्या तोंडातला हात न काढता म्हणालात, "आसनगावची बाई हाय. जमिनीची दलाली करते." लेक म्हणाला नाहीत. मग माझ्या गिऱ्हाइकाकडे वळून तुम्ही मोठ्या कौतुकानं विचारलंत, "बैल नाय घेत? मंग नांगरता कशान?" त्यानं सांगितलं, नांगरत नाही, गवतही काढत नाही. तुम्ही आजूबाजूच्या चार माणसांना ऐकू जाईल असे हसलात. "माझ्या खाचरात गवताची काडी दिसली तर मी त्या दिवशी जेवत नाय," असं म्हणालात. मी ते वाक्य घरी घेऊन आले आणि जपून ठेवलं.

त्यानंतरच्या मृगात तुम्ही गेलात. आई तुमच्या आधीच गेली होती. तेराव्याला जमिनीबद्दल मला कुणी काही बोललं नाही. महिन्याभरानं मी दुसऱ्याच कुणाचा उतारा काढायला तलाठ्याकडे गेले आणि भिंतीवर नोटीस दिसली: मयताचे वारस दोन मुलगे, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. मी तिथंच, तलाठ्याच्या टेबलाच्या कडेवर कागद ठेवून हरकत लिहिली. सुनावणीला भाऊ तुमच्या पत्र्याच्या पेटीतून तो हक्कसोड घेऊन आले, पिवळा पडलेला, घडीवर फाटायला आलेला. सर्कलसाहेबांनी तो उलटापालटा करून विचारलं, "नोंदणी कुठाय?" नव्हती. तुम्ही तो रजिस्ट्रारकडे नेलाच नव्हता, आणि माझ्या हरकतीची मदार त्यावरच होती. थोरला म्हणाला, "आबा बोललेला, घरच्या पोरीची सही हाय, तिला सरकारचा शिक्का कशाला?" साहेबांनी कागद परत दिला. माझं नाव सातबाऱ्यावर चढलं. जन्मभर चिखल तुडवून जे झालं नव्हतं ते तुमच्या गुर्मीनं झालं. त्या दिवशी मी शेतकरी झाले, आणि आसनगावच्या गाडीत बसून पदराआड हसत आले.

इथं थांबले असते तर चाललं असतं. भाऊ वाईट नव्हते. धाकटा पाया पडायला आला, म्हणाला, "तुझा वाटा तू घे, ताई, बाकीचा आमी कसतो." मी नाही म्हटलं. मी वाटणीचा अर्ज टाकला आणि माझा तिसरा हिस्सा अशा ठिकाणी मागितला की वरच्या खाचराचे उभे दोन तुकडे झाले असते आणि पाण्याचा पाट माझ्याकडे आला असता. पाट गेल्यावर त्यांना उरलेल्या जमिनीत भात करता येणार नव्हतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. वर्षभर ओढाताण झाली. शेवटी थोरला वैतागून म्हणाला, "अख्खी इकून टाक एकदाची." मला तेच ऐकायचं होतं. गिऱ्हाईक तयार होतं: गवतवाल्यांतला सगळ्यात कट्टर. ज्याच्या जमिनीत ससे पिलं घालतात आणि तो त्यांचे फोटो काढतो, तो. मला माझा हिस्सा मागे ठेवता आला असता. तो स्वतःच म्हणाला होता, "ताई, तुमचा तुकडा ठेवा ना, शेजारी राहू." पण तुमच्या खाचराचं नावनिशाण राहू नये, ढेकूळ न् ढेकूळ गवताखाली जावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी रजिस्ट्रारपुढं बसले, सगळा कागद अथपासून इतिपर्यंत वाचला आणि सही केली. या वेळी खरोखर राजीखुशीनं. पहिल्याच पावसाळ्यात गवत गुडघ्यापर्यंत आलं. मी मुद्दाम बघायला गेले होते.

मला पश्चात्ताप वगैरे झालेला नाही. तुम्ही भेटलात तर आजही हेच तोंडावर सांगेन. माझं नाव तुम्ही एकदा काढलंत आणि दुसऱ्यांदा मी स्वतः काढलं, हेही मला कळतं. आता मी पुन्हा कागदावर शेतकरी नाही, आणि हा धंदा करता करता कायदा मला तोंडपाठ झालाय, त्यामुळे ते खाचर परत घ्यायला काही पळवाट आहे का हे कुणाला विचारायचीही सोय नाही.

त्या कट्टर गवतवाल्याची मुलं मोठी झालीत, त्यांना शिकायला पुण्याला जायचंय. दिवाळीपासून तो तुमची जमीन विकायला निघालाय आणि काम अर्थातच माझ्याकडे आलंय. आतापर्यंत चार गिऱ्हाइकं मी नेऊन आणली. भली माणसं होती, त्यातल्या एका बाईनं तर चप्पल काढून माती बघितली. परत येताना रिक्षात मी चौघांनाही तेच सांगितलं, हळू आवाजात, त्यांच्या भल्यासाठी सांगितल्यासारखं: जागा छान आहे, पण वाटेचा वाद आहे, कोर्टात जाईल. चौघांनीही नाद सोडला.

वाटेचा काही वाद नाही, आबा.