माझ्या मुलीची देशाला गरज नसल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. विशेष कार्य अधिकारी,
कुशल मनुष्यबळ संधारण कक्ष,
भंडारा.

अर्जदार: टिकाराम लक्ष्मणराव कापगते, अध्यापक (राज्यशास्त्र), रा. पळसटोली, ता. साकोली.

विषय: माझी कन्या कीर्ती हिची देशाला गरज आहे किंवा नाही, यांपैकी कोणताही एक दाखला मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या कक्षाचे भित्तिपत्रक ‘हुशार अडवा, हुशार जिरवा’.
२) माझा तोंडी अर्ज, जो आपल्या लिपिकांनी तोंडीच निकाली काढला.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की,

१. आमच्या गावी दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते व नाटक होते. नाटक कंपनीचा पडदा बांधून होईपर्यंत लोकांना बसवून ठेवावे लागते. त्या कामी दरवर्षी मला माइक देण्यात येतो. माझा विषय ठरलेला आहे: ज्या देशाने शिकवले, त्याच देशात राबावे. पडदा लवकर बांधून झाल्यास देशप्रेम अर्ध्यावर आवरते घेण्याचा मला सराव आहे.

२. मागे एका मंडईत किराणा दुकानदार श्री. हिरालाल पहिल्या रांगेत बसले असता, त्यांचा इंजिनियर मुलगा विक्की कॅनडात असल्याचे मी माइकवरून नमूद केले व शेताची उपमा देऊन “बांधी आमची, धान तिकडचं” असे म्हणालो. टाळ्या पडल्या. हिरालाल यांनी ते वाक्य जपून ठेवले.

३. कीर्ती सरकारी महाविद्यालयात नर्सिंग शिकली असून तिला आयर्लंडच्या रुग्णालयात नोकरी लागली आहे. येत्या शनिवारी तिला निघायचे आहे. ही बातमी मी गावात कोणालाही सांगितली नाही, त्यामुळे ती संध्याकाळपर्यंत सर्वांना कळली. यंदा मी माइक हाती घेताच हिरालाल यांनी पहिल्या रांगेतून, “का जी मास्तर, पोरगी आयर्लंडले कायले जाऊन राहिली? तिकडं मंडई भरते का?” अशी पृच्छा केली. त्या दिवशी पडदा नेमका बांधून होता होईना.

४. आमच्या उपकेंद्रातील नर्सचे पद रिक्त आहे. ते इतके जुने रिक्त आहे की, जिल्हा फुटला तेव्हा नर्स गोंदियाच्या वाटणीला गेली, अशी गावाची समजूत आहे. कीर्ती घरी आल्यापासून लोक आमच्या छपरीत येऊन बसतात. शेजारच्या मालनबाईंच्या पायाला साखरेच्या आजाराने जखम झाली आहे. तिची पट्टी कीर्ती रोज बदलते. सबब, पद रिक्त असले तरी काम भरलेले आहे.

५. यास्तव तिला उपकेंद्रातच नेमावे, अशी विनंती घेऊन मी आपल्या कार्यालयात आलो. लिपिक म्हणाले, “भरती बंद आहे सर.” मग देशाला तिची गरज नाही असा दाखला तरी द्या, तो मी फ्रेम करून छपरीत लावीन व पोरीला मोकळ्या मनाने पोचवीन, असे मी सुचवले. त्यावर ते म्हणाले, “असं कसं देता येईल? पद रिक्त आहे न. म्हणजे गरज आहे.” एकूण, देशाला तिची गरज आहे, पण ती नको आहे. या एका वाक्यावर मी वर्गात तासभर बोलू शकतो. मुलीला उत्तर देऊ शकत नाही.

६. आणि उत्तर देणे भाग होते, कारण तिने विचारले. “बाबा, देशानं शिकवलं हे खरं. शिकवून उभं कुठं करायचं, हे त्याले सुचलं नाही. पन तुमी ‘थांब’ म्हनाल, तर थांबीन.” माझ्या भाषणाचा कोणावर परिणाम होण्याची ही पहिलीच वेळ असल्याने मी घाबरलो. साहेबांचे उत्तर येऊ दे, असे सांगून पाहिले. “साहेबाचं उत्तर येईपर्यंत मी तिकडून रिटायर होऊन वापस येईन,” ती म्हणाली. तिची आई बॅगेत लाखोळीची डाळ भरत होती. तिने हात थांबवला व माझ्याकडे पाहून म्हटले, “पडदा बांधून झाला जी. भाषन पुरे. बोला आता.”

मी ‘जा’ म्हणालो.

आपल्या भित्तिपत्रकापैकी अडवणे मला जमले नाही. जिरवण्याचे काम माझ्यापुरते पूर्ण झाले आहे.

७. सबब दाखल्याची मागणी मी मागे घेत आहे. विषयाची ओळ आधीच शाईने लिहून झाल्याने तशीच राहिली, क्षमस्व. आता विनंती एवढीच की, शनिवारनंतर मालनबाईंची पट्टी बदलण्यास कोणीतरी पाठवावे. तोवर ते काम मी करीन. कीर्तीने मला समोर बसवून शिकवले आहे. मी बांधलेली पट्टी दर वेळी सुटते. “पोरीले राहू द्या, मास्तरले धाडा आयर्लंडले,” असा मालनबाईंचा लेखी नसलेला आक्षेप आहे. तथापि, कीर्तीने शिकवून तयार केलेला एक इसम याच देशात राबणार आहे, याची आपल्या कक्षाने कृपया नोंद घ्यावी.

कापूस व चिमटा हाती घेऊन वाट पाहणारा,
आपला नम्र,
टिकाराम कापगते

पळसटोली, दि. २० नोव्हेंबर २०२३

सोबत: मंडईच्या भाषणाची एक प्रत. परत पाठवू नये.