मनोरीतला कोंबुवा

४ मार्च
प्रेसमधला मॉनिटर फोडला. मुठीनेच! प्रेसचा मालक, आमचा मुदलाली, ओरडला — "पोरा, यंत्रानं तुझं काय घोडं मारलंय?"
मारलंय ना! शिक्षकांच्या मुलाखतीच्या यादीत मनोरी नाही. तीनदा शोधलं म्हणाली. मीही शोधलं — 'सापडले नाही'. सहाशे बारा नावं, तीही गुणांप्रमाणे. कोण वाचत बसणार? चौकटीत नाव टाकलं, संपलं.
तिच्या मामाने इटलीवाल्या स्थळाला शब्द दिलाय — यादीत नाव नसेल तर एप्रिलच्या सिंहली नववर्षाला लग्न.
यादी टाइप झाली आमच्याच प्रेसमध्ये. अर्धी मी, अर्धी उपुलने. तोच उपुल, जो रोज तिच्यासाठी मासे भरलेले पाव घेऊन येतो आणि दात काढतो. त्यानेच उडवलंय नाव. दुसरं कोण?

५ मार्च
हात सुजलाय. डावा शाबूत आहे.

६ मार्च
मारला! ज्या हाताच्या मारामारीने कॉलेज सुटलं त्याच हाताने. उपुल धावतच आत आला, हातात कागदाची गुंडाळी. "मल्ली, आधी ऐक तरी —" मला मल्लीच म्हणतो, धाकटा भाऊ!
"तू ऐक!"
टेबलावरचा लोखंडी स्टेपलर सरळ जबड्यावर हाणला. काडकन आवाज आला. कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर रक्त. तोंड रक्ताने भरलेलं, तरी कागद पुढे करत होता. वाटलं, गयावया करतोय. कागदाच्या चिंध्या केल्या आणि पोटात दोन लाथा घातल्या. चहावाल्याने आणि मुदलालीने ओढलं म्हणून, नाहीतर मेलाच असता.
बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

७ मार्च
पोलीस ठाण्यात. साहेबाने दोन ठेवून दिल्या — "प्रेमात पडलास की गटारात?" मुदलाली जामीन राहिला. मनोरीचा फोन — "माणूस आहेस की रानडुक्कर?" आणि कट.

९ मार्च
मुदलालीने त्या चिंध्या चिकटपट्टीने जोडून ठेवल्या होत्या. छापील यादी. चारशे अठरा — मनोरी! लाल पेनाने गोल केलेला. मुलाखत सात मार्च, सकाळी दहा.
सात! परवा!
"मग यंत्राला का दिसलं नाही?" मी विचारलं.
मुदलालीने फाइल उघडली. तिच्या नावातल्या सिंहली 'नो'पाशी जाऊन खोडायचं बटण दाबलं. वरची बारीक रेघच तेवढी गेली. परत दाबलं, काना गेला. परत — अक्षराच्या डावीकडे लागणारं वळणदार चिन्ह, कोंबुवा, तोही गेला. उरला नुसता 'न'.
"ओ एका चिन्हात टाकायचा रे. हा तीन तुकड्यांत आहे. डोळ्याला तेच नाव, यंत्राला वेगळं. उपुल असं करत नाही."
नाही करत. ते पान माझं होतं. बाकीची नावं भराभर बडवली, तिचं मात्र हळूहळू. हाताने लिहितात तसं, एकेक तुकडा लावत. वहीच्या मागच्या पानावर गिरवायचो तसं.
भिंतीवर डोकं आपटलं. मुदलाली म्हणाला, "आपट. भिंत मजबूत आहे."

१० मार्च
मनोरीने फोन केला नाही. फक्त एक संदेश पुढे पाठवला. सहा तारखेचा, संध्याकाळचा — उपुलने इस्पितळातून तिला केलेला. जबडा बांधलेला, म्हणून लिहून. "मनोरी, तू यादीत आहेस. ४१८. उद्या दहाला पोच. टायपिंगची चूक आहे. कुणाची ते मल्लीला सांगू नकोस, स्वतःला फोडून घेईल."
खाली तिची एकच ओळ — "पोचले होते."
त्या संदेशात तिचं नाव शोधून पाहिलं. पहिल्याच फटक्यात सापडलं.