हो ताई

वाकोला, ३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितो.

काल तुझी जयंती, म्हणजे आमची ताई, आणि मी एकाच विमानात ड्युटीवर होतो. विमान थांबलं की दार उघडण्याआधी दाराचा दांडा फिरवावा लागतो. तो तसाच राहिला आणि दार उघडलं, तर आणीबाणीची रबरी घसरगुंडी धाडकन फुगून बाहेर पडते आणि शिडीवरचा माणूस खाली फेकला जातो. म्हणून नियम असा, की समोरच्या दाराशी उभ्या सहकाऱ्याचा दांडा डोळ्यांनी पाहूनच तपासलं म्हणायचं. ताईने विचारलं, तपासलंस का? मी म्हणालो, हो ताई. पाहिलं नव्हतं. आपल्या घरात मोठ्यांनी काही विचारलं की आधी हो निघतं. मग नजर गेली. तिचा दांडा तसाच होता आणि हात दाराच्या मुठीवर. मी तिचं मनगट धरलं. बाहेरचा माणूस काचेतून हात हलवत होता.

ताई म्हणते, कुणाला काही झालं नाही ना, मग सोड ना यार. पण असं घडलं की कंपनीला कळवायचा नियम आहे. कळवलं तर तिचं उड्डाण थांबेल, आणि बढतीच्या यादीत तर आत्ता कुठे नाव आलंय. काय करू?

लोभ आहेच, माझं काहीही ठरलं तरी तो राहू दे.

तुझा सुबोध


बोरीवली, ७ फेब्रुवारी

चि. सुबोधास अनेक आशीर्वाद.

बारावीला दोनदा बसलास, पण ऱ्हस्वदीर्घ एक चुकत नाही. अक्कल तेवढी चुकते. तुझा नोकरीचा अर्ज कोणी भरला? मुलाखतीचे बूट कोणी घेऊन दिले? तिच्याविरुद्धच लिहिणार, मेल्या? माझ्या खोकल्यापायी ती रात्र रात्र उशाशी बसते आणि पहाटे कंपनीची गाडी दारात. चूक होणारच. तू वेळेवर पाहिलंस, झालं. आता गप्प बस. आणि वड्यांचा डबा परत आण.

आशीर्वाद आहेत, रागासकट.

मालनआत्या


वाकोला, १२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कळवलं. तिचा दांडा राहिला हे लिहिलं, आणि मी न पाहता हो म्हटलं हेही लिहिलं. पाठवण्याआधी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, शुद्धलेखन झकास आहे रे तुझं. त्यानंतर बोललेली नाही.

दोघांचंही उड्डाण थांबवलंय. रोज प्रशिक्षणाला जातो. ती पुढच्या बाकावर बसते, मी शेवटच्या. बाई विचारतात, समोरच्यावर विश्वास आहे, तर मग पाहायचं कशाला? वर्गात कुणालाच नीट सांगता येत नाही. मलाही नाही.

तुझा खोकला कसा आहे? डबा धुऊन ठेवलाय. आणायचा धीर होत नाही.

लोभ मागायला आज संकोच वाटतो, तरी मागतो.

तुझा सुबोध


बोरीवली, २० फेब्रुवारी

चि. सुबोधास अनेक आशीर्वाद.

तुला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

काल आम्ही दोघी कांदिवलीला लग्नाला निघालो. दारात जयंतीने विचारलं, आई, गॅस बंद केलास का? मी हो म्हटलं. तरी तिने चपला काढल्या आणि आत गेली. मला राग आला. जिन्यातच मोठ्याने बोलले, की आईवर एवढाही विश्वास उरला नाही का. शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं.

ती बाहेर आली, चपला घातल्या, कुलूप लावलं. मागची शेगडी बारीक पेटलेली होती, वर दुधाचं पातेलं; तिने ती बंद करताना मी दारातून पाहिलं. रिक्षात बसल्यावर कानाशी तोंड आणून एवढंच म्हणाली, सुबोधला कळव.

म्हणून कळवते. रविवारी डबा घेऊन ये. ती घरीच आहे.

आशीर्वाद नेहमीचेच.

मालनआत्या