अवकाशाचा गुंता

ता. ४ मार्च

प्रिय खडू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प बसतो. ह्यांचा दवाखाना जोरात आहे. जगात दात किडायचे थांबत नाहीत तोवर आपल्या घरी काळजी नाही, असं हे म्हणतात. आमच्या संशोधन संस्थेने माझ्या खोलीतला काळा फळा काढून चकचकीत पांढरा लावलाय. त्यावर पेन नुसतं कुईकुई करतं. आपण दोघी सरांकडे संशोधन करायचो तेव्हा त्यांच्या खोलीत तू फळ्यापाशी उभी राहून खडूच्या भुकटीने पांढरीफटक व्हायचीस, म्हणून तर तुला खडू म्हणायला लागलो. तू इथे असतीस तर भांडून जुना फळा परत आणला असतास.

तुझा शोधनिबंध परत आल्याचं वाचून वाईट वाटलं. परीक्षक असतात एकेक. नावं गुप्त, त्यामुळे लेखणी सैल. पहिल्याने तोंडभर कौतुक करावं आणि दुसऱ्याने ‘निष्कर्षाला पुरेसा आधार नाही’ असं लिहून सगळं मोडीत काढावं, याला काय म्हणायचं? तो दुसरा म्हणजे परिषदेत तुझ्याशी हुज्जत घालणारा दाढीवालाच असणार, असं तू म्हणतेस. असेलही. मी काय सांगू?

आणि हे काय गं, ‘माझं गणित तुझ्या अवकाशाच्या नियमाच्या विरुद्ध गेलं म्हणून तू रागावली नाहीस ना, ताई?’ वेडी कुठली! अवकाश काय माझ्या बापाचं आहे?

मात्र मोठी म्हणून एक सांगते. तुझा करार जूनमध्ये संपतोय आणि हा निबंध छापून आल्याशिवाय पुढची जागा मिळणं कठीण. विमा कंपनीची नोकरी चालून आलीय तर विचार कर. आकडेमोडच करायची ना, इथे काय नि तिथे काय. हट्टाला पेटून आयुष्य घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. मन घट्ट कर. आणि जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई



ता. १९ मार्च

खडू,

आज ख्यालीखुशाली नको.

तुझं खोकं काल आलं. हे ते उचलून आत आणताना म्हणाले, “धाकटीने काय विटा पाठवल्यात का?” उघडलं तर तुझ्या सगळ्या वह्या, गणनेची डिस्क आणि वर चिठ्ठी: ‘ताई, तू म्हणालीस म्हणून विम्याची नोकरी घेतेय. सोमवारी सही करणार. माझं काम तुझ्याकडे असू दे. तुझ्याइतकं विश्वासाचं मला दुसरं कुणी नाही.’ मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. हे दाराबाहेरून विचारत होते, “अगं, कुठला दात दुखतोय?” मी म्हटलं, अक्कलदाढ.

सोमवारी सही करायच्या आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. म्हणून कुरिअरने पाठवतेय. फोन करायचा धीर झाला नाही.

दुसरा परीक्षक दाढीवाला नाही. मी आहे.

संपादकांनी निबंध पाठवला तेव्हा त्यावर तुझं नाव ढळढळीत दिसत होतं. ‘ही माझी गुरुबहीण आहे आणि निबंध माझ्याच नियमावर आहे, दुसऱ्या कुणाकडे द्या,’ एवढंच कळवायचं होतं मला. नाही कळवलं. म्हटलं, बघू तरी काय म्हणतेय.

काय म्हणतेस ते पहिल्याच वाचनात कळलं. सर सांगायचे ते आठवतं? विणलेलं कापड लांबून सपाट दिसतं आणि जवळ गेलं की टाके दिसतात. अणुरेणूंचा पुंजसिद्धान्त आणि ग्रहताऱ्यांचं गुरुत्व यांची सोयरीक जमवायची तर अवकाश आणि काळही असेच बारक्या टाक्यांचे मानावे लागतील. मग टाके कुठल्या नियमाने घातले तर लांबून आपलं रोजचं जग दिसेल, एवढाच प्रश्न. माझ्या नियमाने दिसतं, असं मी अकरा वर्षं सांगत आले. त्या नियमाला लोक माझ्या नावाने ओळखतात. तू फक्त टाके वाढवत नेलेस. थोडे असतात तोवर कापड. वाढले की सगळं आक्रसून गुंता. जो तो टाका बाकी सगळ्यांना चिकटलेला. कुणी कुणापासून लांब नाही, म्हणजे अंतर नावाची गोष्टच नाही. असल्या गुंत्यात तारे कुठे ठेवणार आणि माणसं कुठे राहणार?

तुझी चूक सापडावी म्हणून मी जिवाचं रान केलं. प्रत्येक पायरी तपासली. शेवटी तुझीच गणना माझ्या यंत्रांवर चालवली, तुझ्यापेक्षा कितीतरी मोठी. गुंता झाला. पुन्हा चालवली. पुन्हा गुंता.

म्हणजे तू बरोबर आहेस हे मला तुझ्याहूनही पक्कं माहीत होतं. आणि ते माहीत असताना, चहाचा कप शेजारी ठेवून, मी लिहिलं की निष्कर्षाला पुरेसा आधार नाही. आधार माझ्याच टेबलावर पडला होता गं. याला चूक म्हणू नकोस. चूक नकळत होते.

मला वाटलं होतं थोडा वेळ मिळेल. तू वर्षभर मागे पडशील, तेवढ्यात मी माझा नियम दुरुस्त करीन आणि मग मोठ्या मनाने तुझं नाव घेईन. मनातल्या मनात तुझे आभारसुद्धा मानून झाले होते माझे.

पण सगळ्यात जास्त लाज मागच्या पत्राची वाटते. ‘असेलही’ म्हणून एका निरपराध माणसावर शिंतोडे उडू दिले. पहिला परीक्षक, तुझं कौतुक करणारा, तोच दाढीवाला असावा असं मला वाटतं. इतकी लांबलचक वाक्यं दुसरं कुणी लिहीत नाही. आणि मी मोठेपणाचा आव आणून तुला विम्याची वाट दाखवली. कुंपणानेच शेत खाल्लं आणि वर सांगतेय, जेवत जा वेळेवर. शी!

तू लिहिलं होतंस, ‘दुसऱ्या परीक्षकाचं एक पटलं. मी “हे उघड आहे” लिहिते तिथे ते उघड नसतं. तूही नेहमी हेच सांगतेस.’ एवढं लिहूनही तुला शंका आली नाही! काखेत कळसा आणि तू गावभर शोधत राहिलीस. माझ्यावर संशय घ्यायचं तुझ्या मनातच आलं नाही. ते वाक्य मला जेवू देत नाही.

आज सकाळी संपादकांना माझ्या नावानिशी लिहिलं: तो अभिप्राय खोटा होता, निबंध बरोबर आहे, मी स्वतः तपासलाय, आणि तो माझ्याकडे यायलाच नको होता. त्याची नक्कल सोबत आहे. माझ्या गणनेचे आकडेही आहेत. ते निबंधात वापर. माझं नाव घालू नकोस. आमच्या प्रमुखांनाही सांगितलं. त्यांनी पत्राची नक्कल वाचून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, “बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.” मी म्हटलं, माझीही नव्हती.

तुझं खोकं परत पाठवतेय. ह्यांनी दोरी बांधून दिली. बांधता बांधता त्यांनाही सगळं सांगितलं. ह्यांनी विनोद केला नाही.

सही करायची की नाही ते तू ठरव. फक्त मी सांगितलं म्हणून करू नकोस. माझा सल्ला तुझ्यासाठी नव्हता, माझ्यासाठी होता.

आणि मला माफ कर असं मी लिहिणार नाही. लिहिलं तर तू लगेच करशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. मला ते इतक्या स्वस्तात नको.

आजवर पत्राखाली ‘ताई’ लिहिताना कधी विचार करावा लागला नव्हता. आज हात धजत नाही.

तुझी,
परीक्षक क्रमांक दोन