दगडावरचं वाक्य

तेरलान भाऊजी,

हे पत्र पाठवणार नाही. तुमच्यावर तिकीट कोण वाया घालवणार?

शोकमंडपात मुल्लासमोर चहा ढवळत तुम्ही म्हणालात, "माझ्या भावानं जग बदललं." आपल्या अझरबैजानी भाषेत मरणाला पुष्कळ शब्द आहेत, 'जग बदललं' हा त्यातला मखमली; लोकांसाठी तुम्ही तो निवडलात. फरमान गेल्याचं कळवायला मी इस्पितळातून फोन केला, तेव्हा मात्र बायकोला ओरडून सांगितलंत, "खपला एकदाचा!" तो शब्द आपण कुत्र्यासाठी ठेवतो. फोन चालूच होता.

काल थडग्याचा दगड कोरणारा विचारत होता, "वहिनी, थोरल्या भावाचं 'जग बदललं' खाली घालू ना? त्यांनी सांगून ठेवलंय."

"नको. फरमानचं नाव पुरे. मला तेवढंच वाचायचंय."

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला या, हलवा खा. तोंड त्यासाठीच उघडा.

फरमानची,
जीवर